फाईलीत हाडांचं पान नसतं

डायबेटिसवाल्या कुठल्याही बाईची फाईल चाळून बघा. डोळ्यांचा पडदा तपासल्याचा कागद असतो, लघवीतून प्रोटीन जातंय का त्याचा असतो, क्रिएटिनीन, कोलेस्टेरॉल, ईसीजी, आणि डॉक्टर जरा मनापासून बघणारे असतील तर तळपायाला ती नायलॉनची बारीक काडी टेकवून "कळतंय का मावशी" विचारल्याचीही नोंद असते. तीन महिन्यांची शुगर तर दर खेपेला. एवढ्या सगळ्यात हाडांबद्दल एक ओळ सापडली तर मला जरूर कळवा. माझ्या फाईलीत नव्हती आणि आमच्या मोठ्या मावशीची फाईल माझ्या दुप्पट जाड आहे, तिच्यातही नव्हती.

म्हणजे मावशीचा एक रिपोर्ट होता तसा, पण तो फाईलीत नाही, कपाटात साड्यांच्या घडीखाली. कारण तो "चांगला आला" होता आणि चांगला आलेला रिपोर्ट डॉक्टरला परत कोण दाखवतंय. गुडघे दाखवायला सांगलीला नेलं होतं तेव्हा तिथेच हाडांची घनता मोजायची डेक्सा तपासणी करून घेतली होती, टी-स्कोअर उणे ०.८. खाली नॉर्मल असं छापलेलं. मावशी खूश. शुगर वीसेक वर्षांची, बीपी, चष्म्याचा नंबर दरवर्षी बदलतोय, पण हाडं एकदम ठणठणीत, आमच्या वेळचं खाणं वेगळं होतं वगैरे ऐकवून झालं आम्हाला.

नंतरच्याच पावसाळ्यात ती पडली. जिन्यावरून नाही, गाडीवरून नाही, पहाटे लघवीला उठली आणि बाथरूमच्या दारात उभ्या उभ्या खाली बसली म्हणावं तशी पडली. वय ७२. खुब्याचं हाड मोडलं, मांडीच्या हाडाचा जो वरचा गोळा असतो त्याच्या मानेपाशी. मी पोचले तेव्हा ती शुद्धीत होती, चिडलेली होती, आणि एकच सांगत होती की घसरले नाही गं, पाय कुठे टेकला तेच कळलं नाही.

हे वाक्य तेव्हा मी ऐकलं आणि सोडून दिलं, त्या गडबडीत कुणीही सोडून दिलं असतं. पण त्याच्याकडे मी नंतर येणार आहे.

शुगर ३४० निघाली म्हणून ऑपरेशन लांबलं. भूल देणारे म्हणाले खाली येऊ दे. आता खुब्याच्या फ्रॅक्चरला शक्यतो ४८ तासांच्या आत ऑपरेशन व्हावं असं जगभर मानतात, कारण म्हातारं माणूस जितकं पडून राहील तितकं न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या हे सगळं मागे लागतं. शुगर इन्सुलिनच्या ड्रिपवर काही तासांत आटोक्यात आणता येते. तिथे मात्र शनिवार-रविवार मध्ये आला, फिजिशियन बाहेरगावी, आणि मावशीला सोमवारी संध्याकाळी आत घेतलं. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, नाव घेऊन काही होत नाही, हे बऱ्याच ठिकाणी होतं. अर्धा सांधा बदलला, बॉल बदलला म्हणतात तो. ऑपरेशन चांगलं झालं.

बाहेर बाकड्यावर बसून सगळ्या नातेवाइकांचं एकच, कॅल्शियम कमी पडलं असणार. आणि माझा मावसभाऊ तो कपाटातला रिपोर्ट फोनवर फोटो काढून घेऊन आलेला, प्रत्येकाला दाखवत होता. नॉर्मल आहे हो, हे बघा, नॉर्मल आहे. शेवटी त्याने तो ऑर्थोच्या डॉक्टरांनाच दाखवला. ते म्हणाले, "डायबेटिसच्या पेशंटचा हा आकडा जसाच्या तसा नाही धरायचा." एवढंच म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले. मला ते वाक्य काही सोडेना. मी स्वतः डायबेटिक, साठीत, आणि पुढच्याच आठवड्यात हीच तपासणी करून घ्यायच्या विचारात होते, चांगली आली की निश्चिंत व्हायला.

तर मग वाचत बसले. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी केली, आकड्यांशी घसट आहे एवढंच. पण यातला मुख्य मुद्दा कुणालाही समजण्यासारखा आहे आणि तो समजल्यावर मला खरं तर राग आला, की एवढी साधी गोष्ट कुणी सांगत कशी नाही.

टी-स्कोअर म्हणजे काय, तर तुमच्या हाडात खनिज किती भरलंय ते एका तरुण निरोगी बाईच्या सरासरीशी ताडून बघायचं. उणे १ पर्यंत ठीक, उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, मधे असेल तर अधलंमधलं. ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली आखली आणि ती आखली गेली पाळी गेलेल्या बायकांच्या आकडेवारीवरून. बहुतेकींसाठी ती चांगली चालते. पण टाइप टू डायबेटिस असलेल्या बायकांमध्ये गंमत अशी होते की हा आकडा बऱ्याचदा चांगलाच येतो, कधी कधी डायबेटिस नसलेल्या शेजारणीपेक्षाही चांगला, आणि तरी हाडं मात्र हिचीच जास्त मोडतात. हे काही काल-परवा कळलेलं नाही. अमेरिकेत ६५ च्या पुढच्या साडेनऊ हजारांवर बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेला एक मोठा अभ्यास आहे, त्यातून २००१ सालीच हे छापून आलं होतं, की डायबेटिसवाल्यांची घनता जास्त, तरी खुब्याची आणि दंडाची फ्रॅक्चर जास्त. मग २०११ मध्ये तीन अभ्यासांतली माणसं एकत्र करून बघितलं तर निघालं की समान टी-स्कोअर असलेल्या दोन बायकांत डायबेटिसवालीला धोका जास्त. किती जास्त, तर ढोबळमानाने तिचा आकडा अर्ध्या अंकाने खाली सरकवून वाचावा इतका. म्हणजे मावशीचं उणे ०.८ हे उणे १.३ च्या आसपास धरायला हवं होतं. तेवढ्याने सुद्धा ती काही लाल रेषेत गेली नसती म्हणा, पण निदान "ठणठणीत" हा शब्द तरी कुणी वापरला नसता.

आकडा फसवा का येतो त्याचं एक कारण सरळ आहे. वजन. जाड माणसाच्या हाडावर रोजचा भार जास्त, म्हणून हाड भरतं, आणि टाइप टू बऱ्याचदा वजनासोबत येतो. दुसरं, कमरेच्या मणक्यांची झीज होऊन कडेला हाडाची टोकं वाढलेली असतात, ती पण मशीनला हाड म्हणूनच दिसतात आणि आकडा फुगतो. सत्तरीच्या बाईत कमरेपेक्षा खुब्याचा आकडा बघावा म्हणतात तो यासाठी. मावशीच्या रिपोर्टवर जे मोठ्या अक्षरात होतं ते कमरेचंच.

पण खरं कारण आत आहे, आणि ते वाचताना मी थबकले.

हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम नाही. कोलॅजेन नावाच्या प्रोटीनचे धागे आणि त्यावर बसलेलं खनिज, असं दोन्ही मिळून हाड होतं. खनिजाने कडकपणा येतो, धाग्यांनी लवचिकपणा, म्हणजे धक्का बसला तर थोडं दबायचं, वाकायचं आणि परत यायचं. आता आपली तीन महिन्यांची शुगर जी काढतात ती काय असते, तर रक्तातली साखर हिमोग्लोबिनला जाऊन चिकटते ती किती टक्के चिकटली ते मोजतात. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते म्हणून ते तीन महिन्यांचं माप. हीच साखर कोलॅजेनलाही चिकटते. फरक एवढाच की हिमोग्लोबिन तीन-चार महिन्यांत नवीन येतं आणि हाडातलं कोलॅजेन वर्षानुवर्षं तेच राहतं. चिकटलेली साखर पुढे धाग्यांना एकमेकांशी नको तिथे जोडून टाकते आणि हाड ताठर होतं. चिक्कीचा पाक कच्चा राहिला तर ती वाकते, कडक झाला की टचकन मोडते, वजन दोन्हींचं तेवढंच. डेक्सा मशीन म्हणजे हे असं वजन करणारं मशीन आहे, पाक कसा आहे ते त्याला कळत नाही.

त्यात भर म्हणजे डायबेटिसमध्ये हाडाची मोडतोड-बांधणीच मंदावते. निरोगी शरीरात जुनं हाड सतत खरवडून काढलं जातं आणि तिथे नवीन भरलं जातं, हे काम आयुष्यभर चालू. ते मंद झालं की जुनं, बारीक बारीक तडे गेलेलं हाड तसंच राहतं. वरच्या कठीण सालीत सूक्ष्म भोकं पडतात असंही दिसलंय. सगळ्या डायबेटिकांत सारखं नाही, दहा वर्षांपेक्षा जास्त जुना असेल, शुगर कायम वर असेल, किडनी किंवा डोळे धरले असतील, इन्सुलिनवर असाल तर जास्त. मावशी या यादीत जवळपास सगळीकडे बसते. (टाइप वनची गोष्ट अजून वेगळी, त्यांच्यात घनताही कमी असते आणि खुब्याच्या फ्रॅक्चरचा धोका कितीतरी पटींनी जास्त. लहानपणापासून इन्सुलिन घेणाऱ्या मुली आता पन्नाशीला पोचतायत, त्यांच्या हाडांकडे कोण बघतंय देव जाणे.)

अजून एक. फ्रॅक्चरचा दहा वर्षांतला धोका काढायचं फ्रॅक्स म्हणून एक कॅल्क्युलेटर आहे, शेफिल्ड विद्यापीठात तयार झालेलं, २००८ पासून जगभर वापरतात, भारतासाठीही आहे. वय, वजन, उंची, आधीचं फ्रॅक्चर, आईवडिलांचा खुबा मोडला होता का, सिगरेट, स्टिरॉइड, आमवात, सगळं विचारतं. टाइप टू डायबेटिस विचारत नाही! म्हणून जाणकार डॉक्टर एक जुगाड करतात, डायबेटिसवाल्या पेशंटला आमवात नसला तरी आमवाताच्या चौकटीत टिक करतात, म्हणजे धोका जरा खऱ्याच्या जवळ येतो. अलीकडे त्याची सुधारित आवृत्ती आलीय तीत डायबेटिस किती वर्षांचा ते धरता येतं. पण मला तो जुगाडच आवडला. देशात दहा कोटींवर डायबेटिक आहेत, २०२३ साली छापलेल्या आयसीएमआरच्या पाहणीत १० कोटी १० लाख असा अंदाज होता, आणि त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बायकांचा हाडांचा हिशोब एका खोट्या टिकवर चाललाय.

बरं, हाड कितीही कमजोर असो, ते आपोआप क्वचितच मोडतं. पडावं लागतं. आणि इथे मावशीचं ते वाक्य येतं, पाय कुठे टेकला ते कळलं नाही.

तिच्या तळपायांना गेली कितीतरी वर्षं नीट स्पर्श कळत नाही. चप्पल पायातून निघून गेलेली तिला कळत नाही, हे आम्ही सगळ्यांनी बघितलंय, त्यावर हसलोयसुद्धा, लग्नाच्या हॉलमधून एका पायात चप्पल घालून आली होती तेव्हा. उजेडात डोळे ते सांभाळून घेतात, पायाला न कळलेलं डोळ्याला दिसतं. अंधारात ती सोय नाही, आणि तिच्या डोळ्यांच्या पडद्यावर तर लेझर झालेलं. त्यात शुगर वाढली की रात्री तीन-तीनदा उठायचं, प्रत्येक खेप म्हणजे पडायची एक संधी. झोपेतून एकदम उभं राहिलं की बीपी खाली येतं, डायबेटिसने नसा गेल्या असतील तर जास्तच येतं, डोळ्यांपुढे अंधारी. मांड्यांत ताकद नाही. हे सगळं त्या एका पहाटे एकत्र आलं. कॅल्शियम, कॅल्शियम करत बसलेल्या आमच्या बाकड्यावरच्या सभेला यातलं एकही सुचलं नव्हतं.

आणि शुगर लो होणं. याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. आपल्याकडे साखर वाढण्याची भीती सगळ्यांना, कमी होण्याची नाही. म्हाताऱ्या बायकांत ती घसरते कशी, तर गोळी वेळेवर आणि जेवण नाही. मावशीचे उपास म्हणजे संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, आणि गोळी मात्र चुकवायची नाही, डॉक्टरांनी सांगितलंय ना. ग्लिमेपिराइड घेऊन साबुदाण्याची वाटीभर खिचडी दुपारी खायची आणि रात्री फक्त दूध. मग पहाटे घाम, थरथर, भिरभिरल्यासारखं. ती म्हणायची पित्त झालंय. पडली त्या दिवशी शुगर लो होती का ते कधीच कळणार नाही, हॉस्पिटलला पोचेपर्यंत शरीराच्या धक्क्यानेच साखर वर गेलेली असते. पण ही पित्तं मी आता पित्त मानत नाही. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या यांच्यात हा धोका असतो, नुसत्या मेटफॉर्मिनमध्ये सहसा नसतो. म्हणून वय झालेल्या, बाकी दुखणी असलेल्या माणसाची तीन महिन्यांची शुगर सातच्या खाली आणायचा हट्ट आता डॉक्टरच धरत नाहीत, आठपर्यंतही चालवून घेतात. घरातले मात्र धरतात. ७.९ आली की सुनेला बोलणी, काय खायला घातलंस म्हणून.

औषधांचंच निघालंय तर पायोग्लिटाझोनचं सांगून टाकते. ही गोळी आपल्याकडे भरपूर चालते, बऱ्याचदा एकाच गोळीत तिघी असतात, ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि ही. हिची बहीण रोझिग्लिटाझोन, तिच्या २००६ च्या मोठ्या चाचणीत बायकांत फ्रॅक्चर जास्त निघाली, हाताची, पायाची, दंडाची, पुरुषांत नाही. पुढे पायोमध्येही तेच दिसलं. रोझि भारतात २०१० साली बंद झाली, ती हृदयाच्या कारणाने. पायो २०१३ च्या जूनमध्ये बंद केली आणि दीडेक महिन्यात परत चालू केली, तो वाद मूत्राशयाच्या कॅन्सरचा होता. त्या सगळ्या गदारोळात हाडांचं कुणी नाव घेतलं नाही. मी असं म्हणत नाहीये की गोळी फेकून द्या, मुळीच नाही, स्वतःच्या मनाने शुगरची गोळी बंद करणं म्हणजे दुसरं संकट. पण पाळी गेलेली बाई असाल आणि पट्टीच्या मागे हे नाव बारीक अक्षरात असेल तर पुढच्या वेळी विचारा, हाडांच्या दृष्टीने ही मला चालेल का, बदलता येईल का. मी विचारलं. बदलून मिळाली, दोन मिनिटं लागली.

खाण्याबद्दल थोडक्यात, कारण त्यावर सगळ्यांनाच बोलता येतं. डायबेटिस झाला की बायका पहिल्यांदा दूध सोडतात, मग भाकरी अर्धी करतात, मग फळं, शेवटी ताटात कोशिंबीर आणि अपराधीपणा एवढंच उरतं. हाडाला दिवसाला हजार-बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं आणि त्याच्याइतकंच प्रोटीन महत्त्वाचं, ते तर कुणी मोजतच नाही. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅम, तिळात कितीतरी जास्त, ताक, दही, राजगिरा, शेवग्याचा पाला, आपल्याकडे काही कमी नाही. वजन झपाट्याने उतरवणं हेही हाडाला मानवत नाही, किलो उतरले की मांसही उतरतं आणि हाडही. सत्तरीच्या बाईला डाएटच्या नावाखाली सुकवू नका एवढंच.

आणि ते डी व्हिटॅमिनचं पाकीट, ६०,००० युनिटवालं, दुधातून आठवड्याला एक. कमी असेल तर आठ आठवडे घ्यायचं आणि मग थांबून डॉक्टरला विचारायचं असतं. आमच्या सोसायटीत एक काकू दीड वर्षं घेत होत्या, दर रविवारी, मेडिकलवाला देतो म्हणून. भूक गेली, पोट साफ होईना, गोंधळल्यासारखं बोलायला लागल्या, तेव्हा रक्तात कॅल्शियम वाढलेलं निघालं. ऑस्ट्रेलियात म्हाताऱ्या बायकांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट देऊन बघितले होते, २०१० मध्ये निकाल आला, पडणं आणि मोडणं दोन्ही कमी व्हायच्या ऐवजी वाढलं.

मावशीचा इतिहास डॉक्टरांनी नंतर नीट विचारला तेव्हा दोन गोष्टी निघाल्या ज्या आम्हाला माहीत होत्या पण हाडाशी कधी जोडल्या नव्हत्या. एक, तिची पिशवी ३८ व्या वर्षी काढलेली. अंगावरून जास्त जायचं, तेव्हाच्या डॉक्टरांनी काढून टाका म्हटलं, अंडाशयासकट. म्हणजे पन्नाशीच्या आसपास जी पाळी गेली असती ती डझनभर वर्षं आधीच गेली आणि इस्ट्रोजेन गेलं की हाडाचा बांध फुटतो. आपल्याकडे ही पिशवी काढायची घाई किती, बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्या २०१९ ला आल्या, विधिमंडळात गाजल्या, चौकशी समिती झाली. पंचविशी-तिशीत पिशव्या काढलेल्या बायका. त्यातल्या ज्यांचे अंडाशयही गेले त्यांची हाडं साठीत काय होतील, आणि त्यात डायबेटिस झाला तर, हा विचार तेव्हाच्या चर्चेत मी तरी ऐकला नाही.

दुसरी गोष्ट साड्यांची. मावशी काही वर्षांपासून म्हणत होती की हल्ली साड्या लांबीला जास्त येतात, कमरेला दुमडून घ्यावं लागतं. साड्या कशाला वाढतील, ही कमी झाली होती. ऑपरेशनच्या वेळी पाठीचा एक्स-रे काढला तर एक मणका पुढून दबलेला, जुना. मणक्याची बहुतेक फ्रॅक्चर अशीच गुपचूप होतात, पाठ दुखते, बाम लावतो, होते कमी. तरुणपणाच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर कमी झाली असेल तर पाठीचा एक्स-रे काढून बघावा असा साधारण नियम आहे. आणि मणका असा आपोआप दबलेला सापडला की टी-स्कोअर काहीही असो, ऑस्टिओपोरोसिस आहे असंच धरतात. म्हणजे तो नॉर्मल रिपोर्ट आला तेव्हा पाठीचा साधा एक्स-रे सोबत काढला असता तर चित्र कदाचित तेव्हाच बदललं असतं. साध्या एक्स-रेला काही शे रुपये लागतात. टाचेवर जेल लावून फुकट तपासणारे कॅम्प असतात ना मेडिकलच्या दुकानाबाहेर, त्यात यातलं काहीच कळत नाही, तिथे गेल्यावर फक्त कॅल्शियमची बाटली मिळते.

घरी आणल्यावर मोठं भांडण बाथरूमवरून. मावसभावाचं म्हणणं एवढी फरशी नवीन घातलीय, भोकं कशाला पाडायची. चकचकीत फरशी, पाणी पडलं की दिसत पण नाही. शेवटी कमोडजवळ आणि दारापाशी असे दोन स्टीलचे दांडे बसवले, फरशीवर खरखरीत पट्ट्या, पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर छोटे दिवे, आणि सगळी पायपुसणी गोळा करून माळ्यावर. पायपुसण्यांवर वहिनी नाराज, कारण तिने स्वतः विणलेली. घरात मागे पट्टा असलेली चप्पल, ती मावशीला अजिबात आवडत नाही, हॉस्पिटलसारखं वाटतं म्हणते. स्टुलावर चढून डबे काढणं, देव्हाऱ्याच्या वरचा कोपरा पुसणं, दिवाळीत माळा आवरणं यावर बंदी. स्कूटरवर मागे एका बाजूला बसून गतिरोधकावरून जाण्यावर पण. दबलेल्या मणक्याला तो एक दणका पुरतो.

फिजिओथेरपीला येणारी मुलगी पंचविशीची असेल, तिने मावशीला कसं ताब्यात घेतलं ते बघण्यासारखं होतं. "आजी, हात न टेकता खुर्चीतून उठायचं, सिरीयलच्या प्रत्येक जाहिरातीला." सुरुवातीला एकदाही जमेना. आता मावशी जाहिरात आली की आपोआप उठते, पाहुणे आलेले असले तरी. ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं, पुढच्या पावलाची टाच मागच्या पावलाच्या अंगठ्याला लावत सरळ रेषेत चालायचं. न्यूझीलंडमध्ये म्हाताऱ्या माणसांसाठी असे ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम घरच्या घरी करायचा एक कार्यक्रम बसवलाय, त्याने पडण्याचं प्रमाण तिसऱ्या हिश्श्याने कमी झालं. नुसतं चालून तोल सुधारत नाही हे मला यातून कळलं, आणि मी तर चालते म्हणून फुशारकी मारायचे. योगाच्या क्लासला जाणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, मणका दबलेला असेल तर पुढे वाकायची आसनं, पश्चिमोत्तानासन वगैरे, नकोत. पाठ ताठ ठेवून जे होतं ते करा.

आता औषध. डिस्चार्ज कार्डवर अँटिबायोटिक, रक्त पातळ करायची गोळी, वेदनेची गोळी, कॅल्शियम, ड्रेसिंगची तारीख असं सगळं होतं, हाडासाठीचं औषध नव्हतं. एक खुबा मोडलेल्या बाईचा दुसरा मोडायचा धोका कितीतरी जास्त असतो, तरी मोडलेलं जोडलं की काम संपलं असंच बहुतेक ठिकाणी चालतं. हे आम्ही मागे लागून विचारलं. आठवड्याला एक अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी असते, पण ती सकाळी अनशापोटी पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची, पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही, चहा पण नाही. मावशीची शुगरची गोळी जेवणाआधीची, थायरॉइडची पण सकाळची अनशापोटी, त्यात ही तिसरी, आणि चहाशिवाय अर्धा तास म्हणजे घरात युद्ध. म्हणून वर्षातून एकदा शिरेतून देतात ते झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ठरलं. खुब्याच्या ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या आत हे सुरू केलेल्या पेशंटवरचा २००७ चा अभ्यास आहे, नवीन फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी कमी आणि मृत्यूही कमी. डायबेटिसवाल्यांत ही औषधं काम करतात का अशी शंका घेतली जायची, कारण हाडाची उलाढाल आधीच मंद आणि ही औषधं ती आणखी मंद करतात. आतापर्यंत जे दिसलंय त्यात फायदा त्यांनाही होतो.

द्यायच्या आधी क्रिएटिनीन बघितलं, किडनी फारच कमी चालत असेल तर हे देत नाहीत. डी व्हिटॅमिन भरून घेतलं. दात दाखवले, कारण दात काढायचा असेल तर तो आधी काढून घेतलेला बरा, या औषधात क्वचित जबड्याची जखम भरत नाही. ड्रिप अर्ध्या तासात झाली, दोन दिवस अंग मोडून ताप आला, पॅरासिटामॉलवर गेला. दर सहा महिन्यांनी घ्यायचं एक इंजेक्शन पण असतं, डेनोसुमॅब, पण ते मधेच सोडलं तर मणके पटापट दबायचा धोका असतो, आणि तारखा पाळण्यात आमचं घर कसं आहे ते मला माहीत आहे.

पुढची ड्रिप दिवाळीनंतर. त्याआधी परत क्रिएटिनीन, कॅल्शियम, आणि या वेळी डेक्सा करताना शेजारीच पाठीचा एक्स-रेपण, तिचा आणि माझा दोघींचा. अपॉइंटमेंट मीच घेतलीय, मावसभाऊ म्हणतोय दोघींना एकाच गाडीतून नेतो, फक्त मावशीला पुढे बसवा.